बंधाऱ्याच्या फुटांत आपल्या गल्लीचा आकडा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. हे आकडे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतात. पण सुतारवाड्यातला आणि शाहूपुरीतला उंबरा काही एका उंचीवर नाही. जयंती नाल्याकाठी तर नदी चढली की नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि दारातून यायच्या आधी मोरीतून वर येतं. म्हणून गल्लीचा आकडा, म्हणजे बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी येतं, तो वेगळा काढायचा.

पूर ओसरल्यावर भिंती धुण्याआधी खूण शोधा. इथंच बहुतेकांचं चुकतं. गिलाव्यात ओल वर चढत जाते, त्यामुळे ओलीची रेघ खऱ्या पाण्याच्या वर दिसते. फरशी, काच किंवा लोखंडी दारावरची गाळाची रेघ धरा, तीही घराच्या आतली. रस्त्याकडेला बोटींच्या लाटा लागलेल्या असतात. टेप धरून फोटो काढून ठेवा, पंचनाम्यालाही उपयोगी पडतो.

मग गवंड्याची लेव्हल पाईप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन ही रेघ गल्लीतल्या सगळ्यांत सखल उंबऱ्यापाशी न्या. पाईपमध्ये एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का बघा.

समजा बंधाऱ्यावरची सर्वोच्च पातळी 51 फूट आणि रेघ उंबऱ्याच्या 7 फूट वर. गल्लीचा आकडा 44. हा अंदाजच, कारण बंधारा कसबा बावड्याला, गावाच्या खालच्या अंगाला, आणि पाण्याचा उतार प्रत्येक पुरात सारखा नसतो. पुढच्या पुरात उंबऱ्याला पाणी टेकतं त्या क्षणाची बंधाऱ्याची पातळी लिहून ठेवा आणि दोन्हींतला लहान आकडा धरा. मोरीतून पाणी कधी आलं तेही वेगळं लिहा.

आता मागं मोजा. पाणी तासाला 3 इंच चढतंय आणि अंथरुणाला खिळलेली माणसं, म्हशी, सिलिंडर, मोटारी हलवायला 8 तास लागतात, तर 2 फूट आधी निघायला हवं. म्हणजे 42 ला, धोक्याची पातळी यायच्या आधीच. नदीच्या वरच्या अंगाच्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. ती बातमी आली की 42 ची वाट बघू नका.

गल्लीचा आणि निघायचा, दोन्ही आकडे तालमीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहा, डोक्याच्या उंचीवर. वहीत लिहिलेलं वहीबरोबरच भिजतं.