राजाला तिरका चालवा

बुद्धिबळाची ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करण्यात महिने घालवणाऱ्यांनी एकदा ही मांडणी पटावर लावून पाहावी. पांढरा राजा एच८ (एच हा उभा स्तंभ, ८ ही आडवी रांग), प्यादे सी६. काळा राजा ए६, प्यादे एच५. चाल पांढऱ्याची, आणि डाव बरोबरीत सोडवायचाय. बुद्धिबळपटू रिचर्ड रेतीने १९२१ साली रचलेलं हे कोडं.

पहिल्या नजरेत डाव गेलाच म्हणाल. एच स्तंभातून सरळ मागे धावलं तर काळं प्यादं हाती लागत नाही, आणि आपलं प्यादं काळा राजा आरामात खातो. पण राजा कर्णावरून आणा: जी७, एफ६, ई५. अंतर तेवढंच, मात्र प्रत्येक पावलात दोन कामं. तो काळ्या प्याद्याच्या जवळ येतो आणि स्वतःच्याही. काळ्याने प्यादं एच४ला ढकलून मग राजा बी६ला आणला, तर ई५ वरून दोन्ही वाटा मोकळ्या. त्याने सी६ मारलं, तर एफ४ वरून त्याचं प्यादं पकडा. त्याने प्यादं पुढे ढकललं, तर डी६ गाठा. मग दोघांचेही वजीर होतात.

उत्तर वाचून पुढे जाऊ नका. मोबाइलवर तर नकोच, खरा पट घ्या. काळ्याकडून मित्राला बसवा आणि त्याला हवं तसं खेळू द्या. चाली तपासणारं संगणकाचं इंजिन शेवटी, शंका उरली तरच. मग तुमच्याच हरलेल्या डावांत फक्त राजा आणि प्यादी उरलेली स्थिती शोधा. राजा सरळ चालवलेला एखादा तरी सापडेल. माझे तर बरेच सापडले.