८७ दिवस आणि भरलेला डबा

गुरुवारी सकाळी साडेअकराला एचआरने "दोन मिनिटं येतेस का?" म्हणून बोलावलं, तेव्हा मला वाटलं पॅन कार्डाची झेरॉक्स पुन्हा हवी असेल. आत मॅनेजर बसलेला, माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण काढ-घाल करत. दोन मिनिटांचं काम खरंच दोन मिनिटांत झालं. काम अपेक्षेइतकं नाही, प्रोबेशन पुढे चालू ठेवता येणार नाही, आजचा शेवटचा दिवस. जागेवर परत आले तोवर ऑफिसचा मेल बंद झाला होता. सॅलरी स्लिपा सगळ्या त्याच मेलमध्ये.

कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीतली, काम अकाउंट्स पेएबलचं, म्हणजे व्हेंडरची बिलं तपासून चुकती करायचं, प्रोबेशन सहा महिन्यांचं आणि माझा ८७वा दिवस. ठाण्यातली चार वर्षांची नोकरी सोडून आले होते. त्यात नऊच दिवसांपूर्वी हौसेने डोंबिवली-घाटकोपरचा तीन महिन्यांचा पास काढलेला, स्वस्त पडतो म्हणून.

त्या खोलीतली एक गोष्ट नीट सांगते, कारण पैसे तिथेच जातात किंवा राहतात. एचआर म्हणाली, "तूच राजीनामा दे ना, तुझं रेकॉर्ड स्वच्छ राहील." हे अर्धं खरं आहे. पुढच्या कंपनीला काढल्याच्या पत्रापेक्षा रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून रीतसर मोकळं केल्याचं पत्र, दाखवणं सोपं जातं. पण माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये प्रोबेशनची नोटीस दोन्ही बाजूंनी १५ दिवसांची होती. म्हणजे त्यांनी काढलं तर १५ दिवसांचा पगार त्यांनी मला द्यायचा. मी राजीनामा दिला आणि लगेच निघाले, तर तेवढाच पगार माझ्याकडून कापून घ्यायला ते मोकळे. तेव्हा मला यातलं काहीही सुचलं नाही. फक्त घाबरून म्हणाले, "उद्या मेल करते." त्या घाबरगुंडीमुळे तिथल्या तिथे राजीनामा द्यायचा राहिला, आणि तेच कामाला आलं. लॅपटॉप आणि आयकार्ड जमा केलं, त्याची पोच मात्र कागदावर सही करून घेतली. ती सवय ठाण्याच्या जुन्या साहेबांची.

घरी सांगायचं कसं, याची मेट्रोत चकाल्यापासून घाटकोपरपर्यंत तालीम केली. सगळी फुकट. आईने डबा धुवायला घेतला तर तोंडल्याची भाजी आणि तीन पोळ्या जशाच्या तशा. "जेवली नाहीस?" मग सगळंच बाहेर आलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात कंपनीच्या विम्यावर करायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी विमाही संपतो, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. एका रात्रीत किती सांगणार!

रात्री मामांना फोन लावला. मामा १९८२च्या संपापर्यंत लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी कामाला लागणारे. माझं रडणं पुरतं ऐकूनही न घेता त्यांनी विचारलं, "दिवस किती भरले?" मी म्हटलं, ८७. "मग २४० नाही झाले. आता तुझा कायदा म्हणजे तुझं लेटर. ते काढ आणि वाच." बदलीवाल्यांच्या तोंडी असलेला हा २४०चा आकडा १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातला, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कपातीत कामावरून काढताना महिन्याची नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. त्याच्या आत काढलेल्याला बहुतेक वेळा अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं तेवढंच. म्हणून ते लेटर आणि दर महिन्याची सॅलरी स्लिप आजच स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. रुजू झाल्या झाल्या हे करायला लाज वाटते. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी मी जो मेल लिहिला, त्यातला मजकूर साधारण असा: "कंपनीने काल केलेल्या सूचनेनुसार राजीनामा देत आहे. नोटीसच्या १५ दिवसांचा पगार कंपनी देईल आणि माझ्याकडून वसुली होणार नाही, हे मान्य असल्याचे कळवावे." एचआरचा तडक फोन आला, शेवटची ओळ काढ म्हणून. मी म्हटलं, मग काढल्याचं पत्र पाठवा. दोन दिवस शांतता, आणि मग "मान्य" असा एका ओळीचा मेल. मात्र पत्रात चोरी, फसवणूक, गैरवर्तन असलं काही लिहून सही मागितली, तर ही घासाघीस करत बसू नका. सही न करता वकील गाठा. चौकशी न करता असा ठपका ठेवला तर प्रोबेशनवरच्या माणसालाही दाद मागता येते.

हिशेबाचे पैसे यायला मला ४३ दिवस लागले. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढलं किंवा राजीनामा दिला, तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. आधी हे लिहून मेल करा. नाहीच आले, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

पीएफ काढू नका, यूएएन म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर तोच राहतो, रक्कम पुढच्या नोकरीत वळती करा. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर ती स्वतःला भरता येते. मी तसंच केलं. आणि पगाराचं झिरो बॅलन्स खातं काही महिने पगार आला नाही की साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसल्याचा दंड लागू शकतो, त्यावर लक्ष ठेवा.

आता माझी चूक. चार वर्षं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेलं, इथे सॅप हे दुसरंच सॉफ्टवेअर. मुलाखतीत "शिकून घेईन" म्हटलं, आणि शिकायचा वेग खरंच कमी पडला. दुसऱ्या महिन्यात मॅनेजर बदलला. दर सोमवारची दहा मिनिटांची बैठक बंद झाली, व्हेंडरच्या मेलमधून माझं नाव गळायला लागलं. मला वाटलं, बरं झालं, काम हलकं झालं! मूर्खपणा माझा, पण तीन महिन्यांत एकदाही तोंड उघडून न सांगणं हा त्यांचा.

सगळ्यांचा पहिला सल्ला असतो, हे तीन महिने बायोडेटातून उडव. मीही पहिल्या दोन अर्जांत उडवले. एका ठिकाणी शेवटच्या फेरीनंतर पडताळणीत पीएफची नोंद सापडली आणि लपवल्याबद्दल नकार आला. त्यानंतर सरळ सांगायला लागले: "प्रोबेशन पुढे चालू ठेवलं नाही. टॅलीवरून सॅपवर जाताना वेग कमी पडला, आता कोर्स करतेय. ठाण्याच्या साहेबांचा नंबर देते." ठाण्याच्या साहेबांना मी आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. फोन करायला चार दिवस धीर झाला नाही. ते फक्त म्हणाले, "अगं, आधी नाही का सांगायचं?"

अकराव्या आठवड्यात विक्रोळीला नोकरी लागली. तिसाव्या दिवशी मॅनेजरबाईंना मेल टाकला की माझं काय कमी पडतंय ते लेखी कळवा. त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या, दोन मला माहीतच नव्हत्या.

प्रोबेशन संपेपर्यंत पास मात्र महिन्याचाच काढला.