‘हरिण’चे ‘हिरण’ का होते? अडखळणाऱ्या मुलांना वाचन कसे शिकवावे

तिसरीतल्या मुलाने धडा घडाघडा म्हटला, म्हणजे त्याला वाचता येतेच असे नाही. आधी तपासा. शिकवून झालेल्या अक्षरांचे १० शब्द ठसठशीत लिहा. त्यांत ‘मकीना’, ‘रासमी’ असे दोन-तीन निरर्थक शब्द मिसळा. पाठांतरावर निभावणारे मूल नेमके तिथे थांबते, नाहीतर ओळखीचा शब्द ठोकून देते. काय वाचले ते जसेच्या तसे टिपा. नुसती फुली मारून चूक कुठली ते कळत नाही.

अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणे-लिहिणे शिकायला मुळातच जड जाणे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे, पण त्या अक्षमतेच्या दाखल्यासाठी शिकवणे थांबवू नका. परिपाठाआधी तीन-चार मुलांना रोज २० मिनिटे द्या. शनिवारी एकदम दीड तास बसवून हाती काही लागत नाही.

अख्खी बाराखडी घोकून घेऊ नका. क, म, र, न, स एवढ्यावर सुरुवात करा: रस, मन, नरम. मग फक्त काना: काका, नाक, सामान. १० पैकी ९ शब्द न अडखळता आले की पुढे सरका. घ-ध, ब-व या जोड्या एका आठवड्यात आणू नका. घ पक्का झाल्यावर दोन आठवड्यांनी ध.

कान्यानंतर दुसरी वेलांटी घ्या: मामी, कमी. क्रम उलटा वाटेल, पण ती ऐकू येते तशीच अक्षरानंतर दिसते. पहिली मात्र आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. ‘हरिण’ वाचताना ह संपताच वेलांटी भेटते, ती ह ला चिकटते आणि ‘हिरण’ होते. मुलाचे लक्ष नसते असे नाही, उलट डोळा अगदी ओळीने चाललेला असतो. म्हणून ‘रि’ पूर्ण एका रंगात लिहा, खाली कंस काढा आणि बोट कंसाखालून एकदाच फिरवायला लावा.

वर्गात अचानक उभे करून वाचायला लावू नका. कुठल्या तीन ओळी येणार ते आदल्या दिवशी सांगा.

सरावाला ठाणे-वाशी लोकलच्या पाट्या छान. आधी वाशी, ठाणे, रबाळे. मग घणसोली, कोपरखैरणे. तुर्भे सगळ्यात शेवटी: तिथे रफार भे च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो. ‘तुर्’ आणि ‘भे’ असे दोन तुकडे वेगळ्या कार्डांवर लिहून आधी जोडून घ्या, मगच पाटी दाखवा.