सिस्टर, जरा इकडे या: वॉर्डातल्या वॉर्डात संशोधन कसं करावं

संध्याकाळची औषधं. चाळीस खाटांचा पुरुष मेडिकल वॉर्ड, दोन सिस्टर, एक ट्रॉली. सोळा नंबरचं इंजेक्शन सिरिंजमध्ये ओढत होते, तेवढ्यात नातेवाईक आला, "सिस्टर, सलाईन संपलं." ते बदलून येते तोच फोन. फोन ठेवला, तर इंटर्नना ड्रेसिंगचा ट्रे हवा. ट्रॉलीपाशी परतले तेव्हा भरलेली सिरिंज तशीच पडलेली, आणि ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची की पॅन्टोप्राझोलची, हे मला सांगता येईना. फेकून दिली, नवी भरली. त्या दिवशी डबा उघडलाच नाही, घरी येऊन भात कावळ्याला घातला.

संशोधनाचा विषय असा हाताला लागतो. एम.एस्सी.च्या मुली माझ्याकडे येतात त्या 'नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' घेऊन. आधी प्रश्नावली, मग तासभर व्याख्यान, मग तीच प्रश्नावली. मार्क वाढतात, वाढणारच. ट्रॉलीपाशी काय घडतं ते मात्र कुणी बघितलेलं नसतं. म्हणून पहिलं काम: प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्यात कोण, कुठे, काय बदलणार, काय मोजणार हे चारही येऊ द्या. माझा प्रश्न असा होता: संध्याकाळच्या औषधवाटपात नातेवाइकांची चौकशी दुसरीकडे वळवली, तर सिस्टरला हाक मारून थांबवण्याचे प्रसंग कमी होतात का, आणि तिला बसून जेवता येतं का?

जेवण कशाला, असं मेट्रन मॅडमनी विचारलंच. माझ्या मते पेशंटची सुरक्षा आणि सिस्टरची तब्येत वेगवेगळ्या वह्यांत मोजली की दोन्ही वह्या खोटं बोलतात. सिडनीतल्या रुग्णालयांमध्ये ९८ परिचारिकांच्या मागे उभं राहून मोजणी झाली, २०१० साली ती प्रसिद्ध झाली. औषध देताना प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतल्या चुका १२.१ टक्क्यांनी आणि उपचारातल्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. पुढे तिथेच 'व्यत्यय आणू नका' असं लिहिलेली जाकिटं घालून बघितली. व्यत्यय घटले, पण ती घालून उकडतं, वेळ जातो अशी तक्रार आली, आणि ही पद्धत कायम ठेवायला निम्म्याहून कमी परिचारिका तयार होत्या. मे महिन्यात आमच्या वॉर्डात एक पंखा बंद असतो. जाकिटाचा विचार मी तिथेच सोडला.

परवानगीत आळस करू नका. वॉर्डापुरती सुधारणा असली तरी मेट्रन आणि युनिटच्या डॉक्टरांना लेखी कळवा. निष्कर्ष छापायचे असतील, तर मोजणीआधी संस्थेच्या नैतिक समितीकडे अर्ज, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे. पेशंटवर किंवा सिस्टरवर उपाय करून चाचणी घेणार असाल, तर पहिली व्यक्ती घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नंतरची नोंदणी घेत नाहीत. नोंदणी फुकट आहे, फॉर्म मात्र लांबलचक, दोन रविवार धरून चला.

आता मोजणी. इथे मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले आहे. पूर्वी एका ठिकाणी औषधांच्या चुकांचं रजिस्टर सुरू केलं आणि त्यात नावाचा रकाना ठेवला. तिसऱ्या आठवड्यात एकीला मेमो मिळाला. चौथ्या आठवड्यापासून रजिस्टर कोरं, वॉर्डात एकही चूक नाही! तेव्हापासून मी माणूस मोजत नाही, अडथळा मोजते. कागदावर सिस्टरचं नाव, सही, ड्युटीचा क्रमांक, काहीही नको.

'व्यत्यय' म्हणजे काय हे आधी ठरवा. आमची व्याख्या: ट्रॉलीवरची नजर किंवा हात दुसऱ्या कामाकडे गेला, की एक चरा. रकाने चार: नातेवाईक, डॉक्टर, फोन, आमचीच माणसं. पेशंटने "ही गोळी कसली?" विचारलं तर चरा नाही, ते आमचं कामच आहे. वॉर्डबॉय मामांनी "ऑक्सिजनची चावी कुठाय?" विचारलं तर चरा. दोघींनी एकाच फेरीत वेगवेगळ्या कागदावर चरे ओढा आणि ताडून पाहा. आमचे पहिल्या दिवशी जुळले नाहीत, कारण एक जण मोबाइलकडे टाकलेली नजरही धरत होती. जुळेपर्यंत खरी मोजणी सुरू करू नका. कुणी बघतंय म्हटल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळेच शहाण्यासारखे वागतात, ते दिवस सोडून द्या.

नुसते चरे मोजून भागत नाही. किती डोस दिले तेही लिहा, आणि दर शंभर डोसमागे किती चरे हे काढा. त्या पाळीला एका सिस्टरमागे किती पेशंट होते हेही रोज लिहा. २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात दर परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका कामाने पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी जास्त आढळली. एका सिस्टरमागे किती पेशंट हा आकडा तुमच्या कागदावर नसेल, तर दोघी रजेवर असताना झालेला गोंधळ तुमच्या उपायाच्या नावावर चढेल.

तब्येतीसाठी डब्ल्यूएचओ-५ ही मन कितपत ठीक आहे ते विचारणारी छोटी प्रश्नावली पुरते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणलं की शंभरपैकी आकडा. कामाने पिचून जाणं मोजणारी मास्लॅकची प्रश्नावली २२ प्रश्नांची, पण तिला परवाना लागतो. वय आणि नोकरीची वर्षं विचारू नका. आठ जणींच्या वॉर्डात 'वय ५२' म्हणजे कोण, हे मावशीसुद्धा सांगेल. चिठ्ठ्या टाकायला आयव्ही सेटच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडून चेंजिंग रूममध्ये ठेवा. सोबत एकच साधा प्रश्न: आज डबा बसून खाल्ला का?

दोन आठवडे आधीचे, मग एकच बदल, मग तेवढेच आठवडे. आम्ही औषधांच्या तासाला दाराशी एका मावशीला बसवलं, नातेवाइकांची चौकशी तिच्याकडे. सोबत पंखा, नवी ट्रॉली वगैरे काही नाही, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. नातेवाइकांचा रकाना उतरला. फोनचा होता तिथेच राहिला, डॉक्टरांचा किंचित चढला, आणि तोही मी आलेखावर तसाच दाखवला. डब्याला 'हो' म्हणणाऱ्या चिठ्ठ्या वाढल्या, पण इतक्या थोड्या चिठ्ठ्यांवर टक्केवारी काढायचा मोह मी आवरला.

आलेख आधी वॉर्डातल्या सिस्टरांना दाखवा, साहेबांना नंतर. फोनची वेळ बदलायची कल्पना त्याच बैठकीत एका नव्या मुलीने काढली, आता ती मोजणी चालू आहे. कागद ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात क्लिपबोर्डला लावलाय. बॉलपेन दोऱ्याने बांधा, राउंडला आलेले डॉक्टर घेऊन जातात.