लिनक्सवर कमांड शोधताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवरच्या लिनक्स मशीनला पुष्कळदा इंटरनेट दिलेलं नसतं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये प्रत्येक कमांड ब्राउझरमध्ये शोधून शिकलेला मुलगा तिथे नोकरीला लागला की लगेच अडतो. कमांड येत नाही हे त्याचं दुखणं नसतंच. हवी ती कमांड मशीनकडूनच कशी काढून घ्यायची, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालं, आणि यंत्रासोबत त्याचं पुस्तक द्यायची ती प्रथा लिनक्सने आजही पाळली आहे. हे पुस्तक तुमच्या मशीनवर बसवलेल्या आवृत्तीचंच असतं. नेटवरचं उत्तर कोणत्या आवृत्तीचं, हे दर वेळी तपासावं लागतं.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करा. अंकही इंग्रजीच.

चुकीचा शब्द घेऊन शोधणं

'मॅन' ही मॅन्युअलचं पान उघडणारी कमांड. 'मॅन -के' किंवा 'अप्रोपॉस' (ए-पी-आर-ओ-पी-ओ-एस) ही कमांड मॅन्युअलच्या पानांची नावं आणि त्यांची एका ओळीची वर्णनं धुंडाळते. नाव माहीत नाही पण काम माहीत आहे, अशा वेळी सुरुवात इथूनच करायची. बहुतेक जण हिला एकदा वापरून सोडून देतात, कारण उत्तर भलतंच येतं. दोष शब्दाच्या निवडीत असतो. फाइल काढून टाकायची म्हणून 'अप्रोपॉस डिलीट' केलं, तर अक्षरं बदलणारी 'टीआर' दिसेल, युजर काढणारी 'युजरडेल' दिसेल, पण 'आरएम' दिसणार नाही. 'आरएम'च्या वर्णनात 'रिमूव्ह' हा शब्द आहे. तसंच 'फोल्डर' शोधून फारसं काही हाती लागत नाही, मॅन्युअल लिहिणारे 'डिरेक्टरी' म्हणतात. डिस्कवर जागा किती उरली हे पाहायचं असेल तर 'स्पेस' शोधा, 'डीएफ' आणि 'डीयू' दोन्ही समोर येतील. एका शब्दाने जमलं नाही की त्याच अर्थाचे आणखी दोन-तीन इंग्रजी शब्द लावून पाहा.

उलट अडचणही येते, उत्तरांचा ढीग पडतो. अशा वेळी 'अप्रोपॉस -एस १ सॉर्ट' असं विचारा, म्हणजे फक्त मॅन्युअलच्या पहिल्या विभागातल्या, वापरकर्त्यांसाठीच्या कमांड दिसतील. दोन शब्द दिले तर त्यांपैकी कोणताही एक असलेली पानं येतात. दोन्ही असलेलीच हवी असतील तर '-ए' जोडा. आणि प्रत्येक शब्दाला 'नथिंग अप्रोप्रिएट' असंच उत्तर येत असेल, तर शब्दांना दोष देऊ नका. सूची तयार झालेली नसण्याची शक्यता जास्त. 'सुडो मॅनडीबी' चालवा ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) आणि पुन्हा शोधा.

मॅन्युअलचं भलतंच पान वाचणं

रात्री दोनला बॅकअप लावायचा आहे, वेळ कशी लिहायची हे पाहायला कुणी 'मॅन क्रॉनटॅब' उघडतो आणि मिनिट, तास, वार यांचा क्रम काही सापडत नाही. मग 'मॅन्युअलमध्ये काही नसतं' हे मत कायमचं बसतं. ते पान क्रॉनटॅब या, ठरल्या वेळी कामं लावणाऱ्या कमांडचं असतं. फाइल कशी लिहायची ते पाचव्या विभागात आहे, म्हणून 'मॅन ५ क्रॉनटॅब' असं मागायचं. विभाग साधारण आठ: १ कमांड, २ सिस्टिम कॉल, ३ लायब्ररीतली फंक्शन, ५ फाइलींचे प्रकार, ८ प्रशासकाच्या कमांड. बाकीचे सुरुवातीला लागत नाहीत. सी शिकणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांनी एवढं मात्र लक्षात ठेवावं की 'मॅन प्रिंटएफ' शेलची (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) कमांड दाखवतं आणि 'मॅन ३ प्रिंटएफ' सी भाषेतलं फंक्शन.

पान उघडलं की वरपासून वाचत सुटायची गरज नसते. समजा लासलगावच्या कांद्याच्या भावांची फाइल आहे, स्वल्पविरामांनी वेगळी केलेली, आणि तिसऱ्या रकान्यातल्या भावानुसार ती लावायची आहे. 'मॅन सॉर्ट' उघडा, स्लॅशचं बटण दाबून 'फील्ड' टाइप करा, एंटर, आणि पुढच्या ठिकाणी जायला 'एन'. '-टी'ने रकाने कशाने वेगळे केलेत ते सांगायचं आणि '-के'ने कितवा रकाना ते सांगायचं, हे लगेच सापडतं. आता ते चालवून पाहिलं की ९०० हा भाव १२०० च्या खाली येतो. सॉर्ट अक्षरांप्रमाणे लावतं आणि ९ हे अक्षर १ नंतरचं. पुन्हा पानावर जाऊन 'न्यूमेरिक' शोधलं की '-एन' मिळतो आणि काम होतं. कामासाठी म्हणून असं दोनदा पानावर गेलं की जेवढं लक्षात राहतं, तेवढं पन्नास कमांडची यादी घोकून राहत नाही. पानातून बाहेर पडायला 'क्यू'.

'सिनॉप्सिस'च्या ओळीत चौकोनी कंसातलं ऐच्छिक असतं आणि तीन टिंबं म्हणजे तीच गोष्ट अनेकदा देता येते. तेवढं कळलं तरी अर्ध पान वाचता येतं.

'व्हिच'वर सगळा भरवसा ठेवणं

कमांडची फाइल कुठे आहे ते 'व्हिच' सांगतं. पण डिरेक्टरी बदलणाऱ्या 'सीडी'साठी 'व्हिच सीडी' टाइप केलं तर उबुंटूवर काहीच छापून येत नाही. 'मॅन सीडी'लाही सहसा पान नसतं. म्हणजे सीडी नाहीच का? सीडी ही बॅश शेलच्या पोटातली कमांड आहे, डिस्कवर तिची वेगळी फाइल नाही, आणि 'व्हिच' फक्त फाइली शोधतं. 'टाइप सीडी' असं विचारलं तर शेल सरळ सांगतं की ही बिल्टइन आहे. 'टाइप एलएस' केलं तर बहुधा ते उपनाम (अलायस, म्हणजे दुसऱ्या कमांडला दिलेलं छोटं नाव) निघेल, आणि 'टाइप -ए एको' केलं तर त्या नावाच्या एकाहून जास्त जागा दिसतील. बिल्टइनची मदत 'हेल्प सीडी' अशी मिळते. नुसतं 'हेल्प' म्हटलं तर सगळ्या बिल्टइनची यादी येते.

संपूर्ण यादीच हवी असेल तर 'कॉम्पजेन -सी' (सी-ओ-एम-पी-जी-ई-एन). डेस्कटॉप मशीनवर ती हजाराच्या पुढे जाते, त्यामुळे पाठ करायला घेऊ नका. 'कॉम्पजेन -सी झिप' म्हटलं की त्या अक्षरांनी सुरू होणारीच नावं येतात. टॅब दोनदा दाबूनही तेच होतं.

'कमांड नॉट फाउंड' दिसलं की इन्स्टॉल करायला धावणं

या संदेशामागे बरीच कारणं असतात. सर्वांत साधं म्हणजे कॅपिटल अक्षर. दुसरं, कीबोर्ड मराठीवर राहिलेला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्समधून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या कमांडमध्ये साध्या उणे चिन्हाच्या जागी लांब रेघ आलेली असते, अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, शेलला दिसतो. तेव्हा 'एलएस'सारखी कमांड पर्यायालाच फाइलचं नाव समजते आणि अशी फाइल नाही म्हणते. रेघ आणि अवतरणं हाताने टाइप करा.

स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट सापडत नसेल तर नावाआधी टिंब आणि स्लॅश द्या, कारण चालू डिरेक्टरी 'पाथ'मध्ये, म्हणजे शेल जिथे कमांड शोधतं त्या डिरेक्टरींच्या यादीत, धरलेली नसते. डेबियनवर नुसतं 'एसयू' करून रूट (प्रशासक) झालात आणि 'युजरमॉड' सापडत नाही, असं झालं तर 'एसयू -' असं करा. डेबियन १० पासून नुसतं 'एसयू' जुनाच पाथ ठेवतं आणि प्रशासकाच्या कमांडची डिरेक्टरी त्यात नसते.

पॅकेजचं नाव आणि कमांडचं नाव वेगळं असणं, यात मुलं सर्वांत जास्त वेळ घालवतात. पीडीएफमधला मजकूर काढायला 'पॉपलर-युटिल्स' इन्स्टॉल केलं आणि तेच नाव टाइप केलं तर काही होणार नाही. 'डीपीकेजी -एल' (इथे एल कॅपिटल) आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की त्याने मशीनवर ठेवलेल्या सगळ्या फाइली दिसतात. त्यातल्या 'बिन' डिरेक्टरीतली नावं म्हणजे तुमच्या कमांड, 'पीडीएफटूटेक्स्ट' तिथेच सापडेल. फेडोरा किंवा रेड हॅटवर हेच काम 'आरपीएम -क्यूएल' करतं.

जुन्या नोट्समधलं, नेटवर्कचा पत्ता दाखवणारं 'आयएफकॉन्फिग' नव्या मशीनवर सापडत नाही, तेव्हा ते बसवत बसू नका. 'आयपी ॲड्रेस' वापरा, आणि 'नेटस्टॅट'ऐवजी 'एसएस'.

'-एच' म्हणजे हेल्प असं धरून चालणं

ही चूक सर्वांत महाग पडते. 'डीएफ -एच'मध्ये एच म्हणजे आकडे माणसाला वाचता येतील असे दाखव. 'शटडाउन -एच'मध्ये त्याचा अर्थ मशीन बंद कर. मदत पाहायची म्हणून चालू उत्पादनाच्या सर्व्हरवर कुणी ते सुडोसह टाइप केलं, तर सिस्टिमडी (मशीन सुरू-बंद करणं आणि सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर एका मिनिटानंतर बंद होण्याची वेळ लागते. तसं झालंच तर घाबरून टर्मिनल बंद करू नका, लगेच 'सुडो शटडाउन -सी' द्या, ती वेळ रद्द होते. मदतीसाठी नेहमी दोन रेघा देऊन पूर्ण शब्द लिहा, '--हेल्प'. अनोळखी कमांडला तेसुद्धा सुडोशिवाय विचारा. आणि सर्व्हरवर करून पाहण्याआधी तिचं मॅन पान उघडा, पान उघडल्याने मशीनवर काहीच चालत नाही.

डॉकरच्या (एकाच मशीनवर वेगवेगळी बंदिस्त लिनक्स वातावरणं चालवणाऱ्या साधनाच्या) छोट्या इमेजमध्ये, म्हणजे तयार साच्यात, मॅन पानं जागा वाचवण्यासाठी मुद्दामच काढलेली असतात. तिथे '--हेल्प'वर भागवा, किंवा त्याच आवृत्तीच्या पूर्ण मशीनवर पान वाचा.