दुखणं अंगावर काढू नका: कॉलेज बेसबॉलच्या पहिल्या सीझनला निघालेल्यांसाठी

दर जानेवारीत मला दोन-तीन आयांचे फोन येतात. मुलगा कॉलेजच्या टीममध्ये आहे, पहिलाच सीझन आहे, तू खेळलायस ना, जरा बोल त्याच्याशी. मी बोलतो. झोप, अभ्यास, खाणं याबद्दल सांगतो. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं, कारण ते सांगताना अजूनही माझा आवाज जागेवर राहत नाही. म्हणून आज लिहून काढतोय.

मी नऊ वर्षांचा असताना आम्ही डोंबिवलीहून न्यू जर्सीत, एडिसनला आलो. चाळीच्या मागे टेनिस बॉलने जोरात बोलिंग टाकायचो, त्यामुळे खांदा तयार होता. कोपर सरळ ठेवून टाकायची सवय मोडायला मात्र दोन वर्षं गेली. पुढे २०१५ ते २०१८ असे चार सीझन ईशान्येकडच्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर) कॉलेजसाठी उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून खेळलो. इनिंग म्हणजे सामन्याच्या नऊ डावांपैकी एक, स्लायडर म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू, एवढं माहीत असलं की पुरे. आपल्याकडची माणसं भेटली की रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचा विषय काढतात. २००८ साली एका स्पर्धेतून निवडले गेलेले उत्तर प्रदेशचे ते दोघं भालाफेक करणारे, पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केलं होतं. मला त्यांचं फार कौतुक आहे, पण त्यांचा रस्ता वेगळा होता. आपल्या मुलांचा रस्ता कॉलेजातून जातो आणि तो लांबचा आहे.

सीझन फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. आमच्या मैदानावर तेव्हा गुडघाभर बर्फ असायचा, म्हणून पहिले चार आठवडे दर गुरुवारी बसने दक्षिणेत, कॅरोलिनात किंवा त्याहून खाली. शुक्रवार, शनिवार, रविवार सामने, रात्रभर प्रवास, सोमवारी सकाळी वर्ग. मग मंगळवारी किंवा बुधवारी आठवड्यातला एक सामना. असे ५६ सामने, मेच्या शेवटापर्यंत. नियमाने खेळासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, हे वाचून माझ्या बाबांना हायसं वाटलं होतं. ती मर्यादा कशी मोजतात ते ऐका. सामन्याचा अख्खा दिवस ३ तास म्हणून धरला जातो, मग तुम्ही सकाळी नऊला मैदानावर गेलेले असा आणि रात्री आठला परत आलेले असा. बसचा प्रवास त्यात धरत नाहीत. दुखापतीवरचे उपचारही नाहीत. इंजिनिअरिंग घेणार असाल तर दुपारच्या लॅब कोणत्या सेमिस्टरला येतात ते प्रवेशाआधी बघा. सराव दुपारीच असतो. मी हे बघितलं नव्हतं, आणि दुसऱ्या वर्षी मटेरियल्सच्या लॅबपायी माझी एक पूर्ण उन्हाळी सुट्टी गेली. जमतं, अनेकांना जमलंय, पण आधी माहीत असलेलं बरं.

आता मूळ गोष्ट.

चार वर्षांच्या कॉलेजात खेळणारा मुलगा तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ पूर्ण झाल्यावर ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यासाठी, पात्र होतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाच्या हातात एक जोर असतो. पैसे कमी वाटले तर तो म्हणू शकतो, मी परत कॉलेजला जातो. चौथ्या वर्षाच्या मुलाकडे हे बोलायला जागाच नसते, त्यामुळे त्याला मिळेल ते घ्यावं लागतं. म्हणून तिसऱ्या वर्षाचा वसंत म्हणजे सगळं काही, असं आम्ही सगळेच मानून चाललो होतो. माझं ते वर्ष २०१७. जूनमध्ये ड्राफ्ट होता, तेव्हा ४० राउंड असायचे. (आता जुलैमध्ये असतो आणि २० च राउंड.) मी रविवारचा पिचर होतो, ताशी ८९-९० माईलने टाकत होतो, आणि व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरणारा आमच्या भागाचा एक स्काउट दोनदा येऊन बसला होता. तो काही बोलत नसे. कॅचरच्या मागे खुर्ची टाकून रडार गन धरायचा आणि वहीत लिहायचा.

५ मार्च, रविवार, नॉर्थ कॅरोलिना. पाचव्या इनिंगमध्ये एक स्लायडर टाकला आणि कोपराच्या आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखं झालं. पुढचे सहा पिच मी फक्त फास्टबॉल टाकले. इनिंग संपली, सगळ्यांनी पाठ थोपटली. रात्री हॉटेलात आंघोळ करताना उजवा हात डोक्यापर्यंत जाईना, म्हणून डाव्या हाताने शॅम्पू लावला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. परतीच्या बसमध्ये मी हात बॅगेवर ठेवून बसलो होतो. आमचा ट्रेनर, म्हणजे टीमच्या दुखापती बघणारा माणूस, प्रत्येक सामन्यानंतर करायचा तसा टॅबलेट घेऊन एकेका सीटपाशी थांबत आला. माझ्यापाशी वाकून त्याने विचारलं, हात कसा आहे, काही त्रास?

मी म्हटलं, नाही, जरा आखडलाय, एवढंच.

त्याने काहीतरी टाइप केलं आणि तो पुढच्या सीटकडे गेला. त्या वेळी त्याने काय टाइप केलं ते मी दीड महिन्याने वाचलं. ‘तक्रार नाही.’

आपल्या घरांत दुखणं अंगावर काढणं हा गुण मानतात. माझी आजी तापातही भाकऱ्या थापायची, आणि हे आम्हाला कौतुकाने सांगितलं जायचं. मी तेच शिकलो होतो. गोळ्या घेऊन, आदल्या दिवसांचा सराव कमी करून मी दर रविवारी टाकत राहिलो. वेग ८७ वर आला. पिचिंग कोचने एकदा विचारलं, आखडलाय की दुखतोय? त्याच्या स्वरावरूनच कळत होतं की त्याला कोणतं उत्तर हवंय, आणि मी तेच दिलं. ९ एप्रिलला दुसऱ्या इनिंगनंतर मला चेंडू पकडताच येईना. त्या आठवड्यात एमआरआय झाला. यूसीएल, म्हणजे कोपराच्या आतला बंध, अर्धवट फाटलेला. टॉमी जॉन, म्हणजे हा बंध नव्याने बसवण्याच्या, शस्त्रक्रियेची वेळ आली नव्हती, हे माझं नशीब. प्लेटलेटचं इंजेक्शन, काही आठवडे चेंडूला हात नाही, मग हळूहळू परत.

खरा फटका नंतर बसला. तो नीट समजून घ्या, कारण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

एनसीएएमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेत, तुम्हाला खेळायला चार सीझन मिळतात आणि ते पाच वर्षांत संपवायचे, असा माझ्या वेळचा नियम. सीझनमध्ये दुखापत होऊन खेळ थांबला तर तो सीझन परत मागता येतो. सगळे त्याला मेडिकल रेडशर्ट म्हणतात. आम्हा मुलांना एवढंच ठाऊक होतं की ‘दुखापत झाली की वर्ष परत मिळतं’. त्याच्या अटी कोणी वाचल्या नव्हत्या. पहिली अट, दुखापत सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात झालेली हवी. ५६ सामने असतील तर २८ व्या सामन्यापर्यंत. दुसरी, त्याआधी तुम्ही साधारण ३० टक्क्यांपेक्षा जास्त सामन्यांत खेळलेले नसावेत. पिचर आठवड्याला एकदाच टाकतो, त्यामुळे इथे तो सहसा अडकत नाही. तिसरी अट पिचरला मारते: दुसऱ्या भागात एका सामन्यातही उतरलात, अगदी एका बॅटरसाठी, तर अर्ज संपला. पहिल्या भागात दुखलं, पुढे परत येऊन बघितलं आणि पुन्हा दुखलं, हेही चालत नाही. आणि हे सगळं त्या वेळच्या वैद्यकीय कागदांनी सिद्ध करावं लागतं. नंतर आठवून सांगितलेलं धरत नाहीत.

माझा बंध ५ मार्चला गेला, हे मला माहीत आहे, माझ्या रूममेटला माहीत आहे, ज्याने माझ्या शर्टाची बटणं लावून दिली त्याला तर नक्कीच. पण कागदावर पहिली नोंद एप्रिलची. ५ मार्चच्या पुढे ‘तक्रार नाही’. आणि ९ एप्रिलचा सामना आमचा तिसावा-एकतिसावा होता. कम्प्लायन्स ऑफिसमधल्या (कॉलेजात खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस) बाईंनी माझी फाइल दोनदा वाचली आणि मग कॅलेंडर माझ्याकडे वळवून २८ व्या सामन्यावर बोट ठेवलं. त्या फार चांगल्या होत्या. त्यांच्या हातात काही नव्हतं.

मी त्या बसमध्ये खरं बोललो असतो तर २०१७ चा सीझन तिथेच थांबला असता, पण तो परत मागता आला असता, आणि मला २०१८ नंतर २०१९ हेही वर्ष मिळालं असतं. २०१८ च्या फेब्रुवारीत मी परतलो तेव्हा वेग ८६. एप्रिलमध्ये ८९. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, शेवटच्या सामन्यात, आयुष्यात पहिल्यांदा ९२. हात परत आला होता आणि खेळायला सीझन उरला नव्हता.

आता नियम बदलत आहेत, दर वर्षी काहीतरी नवीन ऐकू येतं. म्हणून माझ्या वेळच्या आकड्यांवर विसंबू नका. तुमच्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसमध्ये पहिल्या सामन्याच्या आधी जा आणि या वर्षीचा नियम लेखी मागा. तुम्ही अडचणीत आहात असं कोणालाही वाटत नाही. उलट ती माणसं खूश होतात, कारण सहसा मुलं रडतच येतात.

हे वाचून घाबरला असाल तर थांबा. कोपर जड होणं, दुसऱ्या दिवशी खांदा भरून येणं हे प्रत्येक पिचरला होतं. दर वेळी बंध फाटलेला नसतो. सांगितल्याने बहुतेक वेळा काय होतं? दोन दिवस विश्रांती, बर्फ, व्यायाम, आणि पुढच्या रविवारी तुम्ही माउंडवर. माझ्या मते टीममधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस ट्रेनर असतो, हेड कोचच्याही आधी. त्याच्याशी पहिल्या आठवड्यात ओळख करा, दुखत नसताना करा. आणि कॅचरशी खोटं बोलू नका. त्याच्या हातमोज्याला तुमच्या आधी कळतं.

पैशांविषयी थोडक्यात. फुल स्कॉलरशिप हे स्वप्न मनातून काढा. माझ्या वेळी डिव्हिजन वनच्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटल्या जायच्या. मला फी आणि राहण्याच्या ३० टक्के मिळत होते, आणि टीममध्ये मी नशीबवान गणला जायचो. २०२५ पासून ती मर्यादा गेली आणि खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना ३४ खेळाडूंची मर्यादा आली. सगळ्यांनी पैसे वाढवलेत असं मुळीच नाही, जागा मात्र कमी झाल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलून, बावीस-तेवीस वर्षांची दाढीवाली मुलं येतात आणि अठरा वर्षांचा मुलगा बाकावर बसतो.

म्हणून माझं ठाम मत, ज्यावरून माझे अनेक काकांशी वाद झालेत: ज्युनियर कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं भरपूर खेळायला मिळतं, फी कमी, ड्राफ्टलाही दर वर्षी पात्र. ‘कम्युनिटी कॉलेजात गेला म्हणजे वाया गेला’ हे आपल्या मंडळाच्या जेवणावळीत बोललं जातं, आणि मुलगा ते ऐकत असतो. कृपा करून त्याच्यासमोर बोलू नका.

आणि हजारो डॉलर घेऊन ‘कॉलेज मिळवून देतो’ म्हणणाऱ्या सेवा घेऊ नका. कोचला तुमचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि तुमच्या हाताने लिहिलेला ईमेल पुरतो. फोनवर बघून वजनदार चेंडूंचा सराव सुरू करणंही थांबवा. त्याने वेग वाढतो, हे खरं. पण कोणाच्या देखरेखीखाली, किती, आणि विश्रांती किती, हे न बघता केलेला तो सराव मी दोन चांगल्या हातांवर पाहिलाय, आणि दोघांच्याही कोपरावर आता शस्त्रक्रियेची खूण आहे. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका पाचव्या वर्षाच्या बुलपेनमधल्या (राखीव पिचरांपैकी) मुलाने. तो कधी ड्राफ्ट झाला नाही. दोन सामन्यांच्या मध्ये हात कसा सांभाळायचा हे त्याच्याएवढं कोणाला कळत नव्हतं. असा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो, त्याच्या शेजारची सीट पकडा.

स्काउट आला की वेग वाढवायचा मोह होतो. तो एका सामन्यावर ठरवत नाही. तुम्ही वाईट इनिंगनंतर बाकावर कसे बसता, तेही तो बघतो. उन्हाळ्यात लाकडी बॅटच्या लीगमध्ये जायला मिळालं तर जरूर जा, सगळ्यात नावाजलेली केप कॉडचीच लीग हवी असं नाही. अनोळखी घरात दोन महिने राहाल, आणि ते घर तुमचं होईल. माझ्या यजमान आजी अजून दिवाळीला कार्ड पाठवतात.

शेवटी एक काम आजच करा. फोनमध्ये ट्रेनरचा ईमेल सेव्ह करा. दुखलं त्या रात्री, बसमध्ये असाल तर बसमधूनच, चार ओळी लिहा: तारीख, कोणता सामना, कितवी इनिंग, कोणत्या पिचला, नेमकं कुठे, बोटं बधिर आहेत का. पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पुढचा चेंडू टाकू नका. मग आईला फोन करा. तिला तुमच्या आवाजावरून आधीच कळलेलं असेल.