जुन्या पिकअपला मधूनच बसणारे हादरे: दोष कुठे आहे ते कसं शोधावं

मार्केट यार्डात कांदा उतरवून परत निघालेली रिकामी पिकअप थडथडते, भरलेली असताना मात्र काही जाणवत नाही. कुणाची गाडी फक्त तुळजापूरचा घाट उतरताना हादरते, कुणाची फक्त सकाळी. अशी गाडी गॅरेजात नेली की नेमकी तिथेच नीट चालते, आणि मग अंदाजाने सामान बदलणं सुरू होतं: आधी अलाइनमेंट, मग शॉकॲब्सॉर्बर, मग टायर. हादरा कधी येतो हे नीट टिपलं तर निम्मं निदान तिथेच होतं. म्हणून पान्याला हात लावण्याआधी वही घ्या.

आठवडाभर चार गोष्टी लिहा: वेग किती होता, गाडी भरलेली होती की रिकामी, पाय कशावर होता (ॲक्सिलरेटर, ब्रेक की क्लच), आणि हादरा कुठे जाणवला. स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणारा लांब दांडा). हादऱ्याची लयही ओळखा. 215/75 आर 15 मापाचं चाक ताशी 80 किमीला सेकंदाला साधारण 10 फेरे घेतं. मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) 4 ते 4.5 असेल तर शाफ्ट त्याच वेळात 40 ते 45 फेरे घेतो. त्यामुळे चाकाचा दोष थडथड करतो, शाफ्टचा दोष बारीक गुणगुणतो आणि आरशातलं चित्र धूसर करतो.

आता रस्त्यावरची चाचणी. सोलापूरहून मोहोळकडे जाणारा चौपदरी रस्ता पहाटे मोकळा असतो, तेव्हा जा. हादरा येतो तो वेग धरा आणि गाडी न्यूट्रल करा. चावी मात्र बंद करायची नाही; स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकही जड होतो. हादरा तसाच राहिला तर दोष चाकं, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) किंवा शाफ्टमध्ये. लगेच थांबला तर इंजिन, क्लच, माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) किंवा जोर पडल्यावरच बोलणारा शाफ्टचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा). मग तोच वेग पाचव्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये धरा. गिअरबरोबर हादरा बदलला तर इंजिनाकडे वळा.

सुरुवात चाकांपासून करा, कारण ते फुकट तपासता येतं. पावसाळ्यात मंगळवेढा किंवा दक्षिण सोलापुरातल्या शेतातून माल भरून निघालात की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून घट्ट होते. तेवढ्या वजनाने बॅलन्सिंग बिघडतं, आणि एखादा थर गळून पडला की हादरा ‘आपोआप’ कमी-जास्त होतो. रिम आतून खरवडून धुवा, मगच बॅलन्सिंगचे पैसे द्या. व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दारावरच्या स्टिकरप्रमाणे तपासा. मग चाक उचलून टायरजवळ लाकडी काठी स्थिर धरा आणि चाक हाताने हळू फिरवा. काठी आणि टायरमधली फट 3 मिमीपेक्षा जास्त बदलली तर रिम वाकलाय किंवा टायर फुगलाय. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेल्या) टायरचा पट्टा उन्हाळ्यात तापून सुटू लागतो. असा फुगवटा दिसला तर त्या टायरवर गाडी चालवू नका.

चाक उचललेलं आहे तोवर ढिलाई पाहा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, ॲक्सल घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकबरोबर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते सांधे). चाक डावीकडे-उजवीकडे हललं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा).

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते प्रोपेलर शाफ्टकडे. गाडी सपाटीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. शाफ्ट हाताने पिळा आणि वर-खाली उचला. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल इतकी ढिलाई किंवा त्याच्या बेअरिंगच्या कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली तर क्रॉस गेला. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगचं (शाफ्टच्या मधल्या आधाराचं) रबर फाटलंय का बघा. शाफ्टवर वेल्ड केलेली वजनाची चकती गळाली असेल तर तिचा चौकोनी डाग उरतो. शाफ्ट कधी उघडला असेल तर स्लिप जॉइंटवरच्या (आत-बाहेर सरकणाऱ्या दातेरी सांध्यावरच्या) बाणांच्या खुणा जुळतात का तेही पाहा. एक दात चुकला तरी गाडी थरथरते.

रिकामी गाडी हादरते आणि भरलेली नाही, याचं कारण बहुतेकदा मागे टाकलेला जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) असतो. जास्त माल भरता यावा म्हणून पाटा वाढवला की रिकाम्या गाडीचं मागचं अंग उचललं जातं आणि क्रॉसचा कोन वाढतो. माल भरला की कोन पुन्हा ठीक होतो. मोबाईलमधल्या लेव्हलने गिअरबॉक्सकडचा आणि डिफरन्शियलकडचा (मागच्या ॲक्सलकडचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडलेली चकती, किती तिरका आहे ते मोजा. एकाच तुकड्याच्या शाफ्टला दोन्हींतला फरक 1 अंशाच्या आत हवा. जास्त असेल तर पाट्याखाली पाचर लावून घ्या, नाहीतर जादा पाटा काढा. क्रॉस बदलून हा दोष जात नाही. नवा क्रॉसही लवकर झिजतो. उलट भरल्यावरच हादरत असेल तर पाटे दबलेत का, यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) ढिले आहेत का ते बघा.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हललं तर पुढची डिस्क वाकडी. सीट हलली तर मागचा ड्रम अंडाकृती. खात्री करायला मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 ला, बटण दाबून धरून हँडब्रेक हळू ओढा. तो मागच्या ड्रमवर चालत असेल तर हादरा लगेच येतो.

उभ्या गाडीतच हादरा असेल तर डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा, मग माउंटिंगचं रबर तपासा. इंजेक्टरचा पाइप ढिला करून मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणं) शोधायची जुनी रीत कॉमन रेल (खूप जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनावर कधीही वापरू नका. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढ्याच मालासह गाडी फिरवा. चाक काढलं असेल तर 50 ते 100 किमीनंतर नट पुन्हा आवळा.